शंभर कशाचे?

दरमहा दर शेकडा पाच व्याजाने पैसे दिले. वर्षाअखेर मुद्दल आणि व्याज मिळून हजार झाले. तर मुद्दल किती?

शिष्यवृत्तीच्या पेपरात हा प्रश्न सहज खपून जाईल. विचारला आहे मात्र भास्कराचार्यांनी, ‘लीलावती’त, ११५० च्या सुमारास. घाईचा विद्यार्थी वर्षाचे साठ टक्के धरतो, हजारातून सहाशे वजा करतो आणि चारशे लिहून मोकळा होतो. उत्तर आहे ६२५, व्याज ३७५. हजार हे शंभराच्या जागी नाहीतच, ते एकशेसाठाच्या जागी आहेत. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. तिथेही कुणीतरी चारशे लिहून बोलणी खाल्ली असणार.

आपल्याकडे शेकड्याचा हिशेब वाढला तो व्याजाच्या व्यवहारात. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त शंभर पणांना (पण हे तेव्हाचं नाणं) महिना सव्वा पण हा धर्म्य दर, व्यापाऱ्याला पाच, रानावनातून जाणाऱ्याला दहा, समुद्रावर जाणाऱ्याला वीस. जोखीम तसा दर. मनुस्मृतीत तोच सव्वा ‘ऐंशीवा भाग’ म्हणून येतो. रक्कम एकच, पण ऐंशीव्या भागाची दहाव्याशी तुलना करायला डोकं खाजवावं लागतं; सव्वा आणि दहा शेकडा म्हटलं की फरक तोंडावर कळतो. शंभराची सोय एवढीच, आणि ती पुरली. दरमहाची सवयही टिकली आहे: गावात कुणी ‘तीन टक्क्यांनी घेतले’ म्हणाला तर ते महिन्याचे, म्हणजे सालीना छत्तीस. बँकेची सवय असलेला माणूस तिथे हमखास फसतो.

आर्यभटाने ४९९ मध्ये याच व्यवहारातून वर्गसमीकरण उभं केलं. शंभराचं महिन्याचं व्याज माहीत नाही, पण ते व्याजच त्याच दराने पुढे कर्जाऊ दिलं आणि ठरावीक महिन्यांनी सगळं मिळून इतकं झालं. तर मूळ व्याज किती? त्याच्यापाशी तीन आकड्यांवरून चौथा काढायचं त्रैराशिकही होतं: प्रमाण, फळ, इच्छा. लीलावतीत त्याचं पंचराशिक झालेलं दिसतं. शंभराला महिना पाच, तर सोळांना वर्षाला किती? एका बाजूला १००, १, ५. दुसऱ्या बाजूला १६, १२. फळ, म्हणजे पाच, पलीकडे न्यायचं. भरलेल्या बाजूच्या गुणाकाराला दुसऱ्या बाजूच्या गुणाकाराने भागायचं. नऊ पूर्णांक तीन पंचमांश. मग भास्कराचार्य तेच आकडे घेऊन काळ विचारतात, मग मुद्दल. प्रत्येक वेळी वेगळा आकडा झाकायचा. आजचे प्रश्न काढणारेही दुसरं काही करत नाहीत.

युरोपची वाट वेगळी. रोममध्ये ऑगस्टसने लिलावातल्या विक्रीवर शंभरावा भाग कर बसवला होता. % हे चिन्ह आलं इटलीतल्या व्यापाऱ्यांच्या हिशेबातून: ‘पेर चेंतो’ भराभर लिहिताना अक्षरं झिजली, पंधराव्या शतकात त्यांना एक गोल चिकटला, पुढे रेघेच्या वर एक आणि खाली एक असे दोन गोल उरले.

सावकारीत शंभर म्हणजे मुद्दल, त्यात वाद नव्हता. शेकडा नफ्या-तोट्यात, सुटीत, भाववाढीत शिरला आणि शंभर जागा बदलू लागले. नफा खरेदीवर, सूट छापील किमतीवर. शंभराच्या वस्तूचा भाव वीस टक्के वाढवून वीस टक्के उतरवला की शहाण्णव होतात, कारण दुसरे वीस टक्के एकशेवीसाचे असतात. क्लासमध्ये यासाठी सूत्र पाठ करून घेतात: दोन्ही टक्के मिळवा, त्यांच्या गुणाकाराचा शंभरावा भाग त्यात घाला, घट असेल तर उणे चिन्ह. सूत्र बरोबर आहे. पण ते आलं कुठून हे विचारू न देणारा क्लास मला तरी महाग वाटतो.

हजाराचं ते जुनं उदाहरण आता जीएसटीचा वेश घेऊन येतं: अठरा टक्के करासह बिल ११८० रुपये, तर मूळ किंमत किती? चार पर्यायांत १००० असतंच. ११८० मधूनच अठरा टक्के वजा करणाऱ्यासाठी ९६७.६० हाही पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो.