कुमारांच्या कादंबरीचा निवाडा कोणी करायचा?

आजचा विषय आहे कुमारवयीन मुलांच्या कादंबऱ्या कशा वाचायच्या आणि त्यांचं मूल्यमापन कसं करायचं. विषय साहित्याचा आणि बोलणारा माणूस जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला. तेव्हा तुम्ही म्हणाल, यांचं इथे काय काम? काम निघालं ते आमच्याच एका चुकीमुळे. ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळे.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका संस्थेनं कुमार कादंबरीची हस्तलिखितं मागवली होती. परीक्षक तिघं, त्यातले एक आम्ही. एका हस्तलिखितात पंधरा वर्षांचा मुलगा होता. वडिलांचं दुकान बुडालेलं, दारात देणेकरी येतात, आणि दर वेळी दार उघडून ‘बाबा घरी नाहीत’ असं सांगायचं काम या मुलाकडे. बाबा आतल्या खोलीत बसलेले असतात. मुलाला खोटं बोलायची लाज वाटते, आणि खरं बोलण्याचीही लाज वाटते. शेवटी पुन्हा कडी वाजते, तो दाराकडे जातो, आणि कादंबरी संपते. आम्ही शेरा लिहिला : ‘भाषा चांगली. परंतु शेवट संदिग्ध. मुलांनी यातून काय घ्यावे?’ बाकीच्या दोघांनी मान डोलावली. हस्तलिखित परत गेलं. ते पुढे कुठे छापून आल्याचं आमच्या पाहण्यात नाही.

‘मुलांनी यातून काय घ्यावे?’ हा प्रश्न आपल्याला इतका साहजिक वाटतो, की तो कुठून आला हे आपण विचारतच नाही. आज त्याचा थोडा इतिहास बघू.

सुरुवात प्लेटोपासून करावी लागते. ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात तो म्हणतो, लहान वयात जे मनात शिरतं ते पुसता येत नाही, म्हणून नगरातल्या मुलांना कोणत्या गोष्टी सांगायच्या यावर देखरेख हवी. होमरमधल्या देवांच्या भांडणाच्या कथा नकोत, कारण त्यात रूपक कुठे आणि सरळ अर्थ कुठे, हे मुलाला कळत नाही. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. प्लेटो कथेची परीक्षा तिच्या परिणामावरून करतो आहे. कथा उत्तम असेल, मोहक असेल, पण तिचा परिणाम काय? उलट ती जितकी मोहक, तितकी अधिक धोक्याची. त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल ‘पोएटिक्स’मध्ये पहिला प्रश्न वेगळा विचारतो : ही रचना कशी उभी आहे, घटनेतून घटना खरोखर निघते का? मुलांच्या पुस्तकांच्या बाबतीत आपण सगळे प्लेटोचे शिष्य राहिलो. ॲरिस्टॉटल मोठ्यांच्या पुस्तकांसाठी राखून ठेवला.

आता एकदम 1802 सालात येऊ, इंग्लंडमध्ये. सेरा ट्रिमर नावाच्या बाईंनी ‘गार्डियन ऑफ एज्युकेशन’ हे नियतकालिक सुरू केलं. ते 1806पर्यंत चाललं. मुलांच्या पुस्तकांची नेमानं परीक्षणं करणारं हे पहिलं महत्त्वाचं नियतकालिक. ट्रिमरबाईंनी एक मोलाचं काम केलं. चौदा वर्षांपर्यंतची ती मुलं आणि चौदा ते एकवीस ही तरुण माणसं, अशी वाचकांची विभागणी त्यांनी केली. आज ज्याला ‘यंग ॲडल्ट’ म्हणतात त्याची पुसट रेघ इथे दिसते. पण नियतकालिकाच्या नावातच ‘गार्डियन’ आहे, म्हणजे राखणदार. परीकथांवरही त्यांचा रोष होता. वाचकाचं वय त्यांनी ओळखलं, पण त्याला स्वतःचं मत असू शकतं हे काही ओळखलं नाही.

आता आपल्याकडे या. मराठीत कुमारांची कादंबरी कधी सुरू झाली? नेहमीचं उत्तर आपण विसाव्या शतकात शोधतो. आम्ही थोडं मागे जाऊ म्हणतो. 1890 साली हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः छापली. ती संपली 1893च्या सुमारास. मधल्या 1891 सालीच संमतिवयाचा कायदा झाला, मुलीचं संमतिवय दहावरून बारावर गेलं, आणि पुण्यात केवढा गदारोळ उठला हे आपल्याला ठाऊक आहे. वर्तमानपत्रांत, सभांत मुलींच्या वयाबद्दल बोलणारे बहुतेक पुरुष. आणि या कादंबरीत स्वतःची हकीकत स्वतः सांगते आहे यमू. माहेर, भातुकली, लग्न, सासर, नवऱ्याच्या सोबतीनं आलेले थोडे बरे दिवस, त्याचा मृत्यू, आणि मग बळजबरीनं झालेलं केशवपन.

ही कादंबरी कुमारींसाठी लिहिलेली नव्हती, मान्य. पण एक बघा. कुमारवय ही नुसती शरीराची अवस्था नाही. बालपण संपलंय आणि जबाबदारी अजून पडलेली नाही, असा मधला अवकाश समाजानं द्यावा लागतो. यमूला तो मिळालाच नाही. काल भातुकली, आज सासर. जी अवस्था तिला नाकारली गेली, तिचा आवाज मात्र हरिभाऊंनी तिला दिला. आणि शीर्षकात काय आहे? प्रश्न आहे. उत्तर वाचकावर सोपवलेलं आहे.

हा मधला अवकाश आपल्याकडे आणला माध्यमिक शाळेनं. मुलगा, आणि हळूहळू मुलगीही, पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत वर्गात बसू लागली, म्हणून कुमार नावाचा वाचक तयार झाला. अमेरिकेतही तेच झालं. स्टॅन्ली हॉलचा ‘ॲडोलेसन्स’ हा ग्रंथ 1904चा, आणि हायस्कुलं घरोघरच्या मुलांनी भरली ती त्यानंतरच्या दशकांत. आधी वर्ग भरले, मग त्या वर्गांतल्या मुलांसाठी पुस्तकं आली.

आता ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ती 1933 साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिली, 1935 साली ती प्रसिद्ध झाली. संस्कारांचं पुस्तक म्हणून आपण ती मुलांच्या हातात देतो. पण ती नीट वाचली तर दिसतं, की कथानकाचा कणा आहे कर्ज. एक खातंपितं घर हळूहळू खचत जातं, सावकाराचा माणूस दारात येऊन आईला टाकून बोलतो. आणि लहान श्याम काही पुतळा नाही. तो हट्टी आहे, भित्रा आहे, पोहायला नको म्हणून माळ्यावर लपणारा आहे. आपण काय केलं? उपदेश उचलला आणि कर्ज सोडून दिलं. आता आमचा तो शेरा आठवा. देणेकरी दारात, घराची लाज पोरावर, हे सगळं त्या हस्तलिखितात होतंच की! मग श्यामच्या पुस्तकापुढे आम्ही हात जोडले आणि त्या मुलाला परत पाठवलं, ते का? कारण श्यामच्या गोष्टीला मोठा श्याम अर्थ लावून देतो. आश्रमातल्या सोबत्यांना रात्री गोष्ट सांगणारा माणूस प्रौढ आहे, त्याचा निवाडा झालेला आहे. त्या हस्तलिखितातल्या मुलाला असा प्रौढ सोबती नव्हता. आम्हाला मुलाची काळजी नव्हती मंडळी, आम्हाला त्या सोबत्याची चुकल्यासारखी वाटत होती.

म्हणून कुमार कादंबरी वाचताना आम्ही आता पहिला प्रश्न हा विचारतो : गोष्ट सांगणारा त्या वयापासून किती अंतरावर उभा आहे?

अमेरिकेत 1967 साली ‘द आउटसायडर्स’ आली. एस. ई. हिंटन ही ओक्लाहोमातल्या टल्सा गावची मुलगी, शाळेत असतानाच तिनं ती लिहिली. मुलांच्या टोळ्यांबद्दल एका मुलीनं लिहिलंय म्हटल्यावर परीक्षक नाकं मुरडतील, म्हणून नावाची फक्त आद्याक्षरं छापली. सांगणारा पोनीबॉय चौदा वर्षांचा, आणि घडल्यावर थोड्याच दिवसांत तो शाळेच्या निबंधासाठी हे लिहितो आहे. अंतर जवळजवळ शून्य. पुस्तकावर आक्षेप पुष्कळ आले. हिंसा आहे, सिगारेटी आहेत, घरात वडीलधारं कोणी नाही. सगळे आक्षेप परिणामाचे. हा मुलगा खोटा वाटतो असं मात्र मुलांना वाटलं नाही.

हे समजायला संस्थांना वेळ लागला. 2000 सालापासून अमेरिकेत कुमारांच्या पुस्तकांसाठी प्रिंट्झ पुरस्कार दिला जातो. कॅन्सस राज्यातल्या टोपीका गावच्या एका शालेय ग्रंथपालाच्या नावानं तो आहे. त्याच्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे, की लोकप्रियता हा निकष नाही आणि संदेश हाही निकष नाही. पाहायची ती साहित्यिक गुणवत्ता. पहिला मान मिळाला वॉल्टर डीन मायर्सच्या ‘मॉन्स्टर’ला. सोळा वर्षांच्या काळ्या मुलावर खुनात सामील असल्याचा खटला चालू आहे, आणि तो आपली हकीकत चित्रपटाच्या पटकथेसारखी लिहितो. कोर्ट निकाल देतं. तरी तो मुलगा नेमका किती दोषी, हे वाचणाऱ्याला स्वतः ठरवावं लागतं. त्याला ज्युरीच्या बाकावर बसवलेलं आहे.

आपल्याकडचं चित्र पाहा. ‘किशोर’ मासिक 1971 साली निघालं, त्यानं वाचक घडवले. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेनं धाडस दिलं, वेग दिला. ते थोडं नाही. पण साहित्य अकादमीचे पुरस्कार बघा. 2010पासून बाल साहित्य पुरस्कार, 2011पासून युवा पुरस्कार. यातला ‘बाल’ म्हणजे वाचक, आणि ‘युवा’ म्हणजे पस्तीस वर्षांपर्यंतचा लेखक! मधला कुमार वाचक बालात ढकलला गेला.

मग आपली पंधरा-सोळा वर्षांची मुलं काय वाचतात? जे मिळेल ते. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ 2004 साली आली ती प्रौढांची कादंबरी म्हणून. नववीतला मुकुंद, त्याचे मित्र, शिरोडकर नावाची मुलगी, आणि मागे आणीबाणी. पुष्कळ मुलांनी ती मोठ्यांच्या कपाटातून काढून वाचली. मुकुंद त्या वयातूनच बोलतो, मागे वळून शहाणपण सांगत नाही. इथे आमचा दुसरा प्रश्न : पुस्तकात मोठी माणसं कशी आहेत? ‘शाळा’त घाबरणारी मोठी माणसं आहेत, मारणारी आहेत, आणि मुलाशी बरोबरीनं बोलणारा नरूमामाही आहे. ज्या कादंबरीत सगळे मोठे शहाणे, किंवा सगळेच मूर्ख, ती मुलांना फसवते. आणि तिसरा प्रश्न : शेवटचा निवाडा कोणाकडे राहतो? शिरोडकर गाव सोडून जाते, त्याचं काय करायचं हे लेखक मुकुंदला सांगत नाही आणि आपल्यालाही सांगत नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे मुलांच्या हाती काहीही द्यायचं काय? नाही. परिणामाचा प्रश्न खोटा नाही. बारा वर्षांच्या मुलाला काय झेपेल, हे घरातल्या माणसानं बघायलाच हवं. पण तो पालकाचा प्रश्न आहे, त्या मुलापुरता, त्या दिवसापुरता. पुस्तक चांगलं की वाईट, हा प्रश्न वेगळा. आम्ही परीक्षकाच्या खुर्चीत बसून पालकाचा शेरा लिहिला, ही आमची चूक. शिवाय संदिग्ध शेवट म्हणजे आपोआप चांगला, असंही नाही. लेखकाला सुचलं नाही म्हणून सोडलेला शेवट आणि वाचकावर विश्वास टाकून सोडलेला शेवट, यांतला फरक मागची पानं वाचून कळतो. त्या हस्तलिखितात दीडशे पानं तो मुलगा दाराकडे जात होता. शेवट तिथेच होणार होता.

कांटनं 1784 साली ‘प्रबोधन म्हणजे काय’ या निबंधात सांगितलं, की दुसऱ्यानं वाट दाखवल्याशिवाय स्वतःची बुद्धी न वापरता येणं म्हणजे अप्रौढपणा, आणि त्यातून बाहेर पडणं म्हणजे प्रबोधन. आयुष्यभर आम्ही हा निबंध वर्गात शिकवला. आणि ज्या वयात माणूस नेमका त्या उंबऱ्यावर उभा असतो, त्या वयाच्या पुस्तकाला मात्र बोट धरायला कोणी नाही म्हणून नापास केलं. असो.

तुमच्या घरात चौदा-पंधरा वर्षांचं कोणी असेल, तर या महिन्यात एक कादंबरी त्याच्याबरोबर वाचा. वाचून झाल्यावर ‘काय शिकलास?’ असं विचारू नका. ‘तो मुलगा चुकला, असं तुला वाटतं का?’ एवढंच विचारा. मग गप्प बसा आणि ऐका. आम्हाला हे जमायला फार वर्षं लागली.