न कुजणारं जाळं

गेल्या जूनमध्ये, मासेमारी बंद असताना, आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक रील येऊन पडली. 'प्लॅस्टिक खाणारा जीवाणू सापडला! आता समुद्र साफ होणार!' मागे दणदणीत म्युझिक, पुढे हिरव्या रंगाचे काहीतरी वळवळणारे किडे. मी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलंय. म्हणजे घरातली एकमेव 'जंतूवाली' मीच, आणि असल्या प्रत्येक रीलचा जाब मलाच द्यावा लागतो. पाच मिनिटांत काकाचा मेसेज आला : 'हा जंतू आपलं जाळं पण खाणार का?'

सगळ्यांनी हसायचे इमोजी टाकले. मीही टाकला. मग वाटलं, यात हसण्यासारखं काय आहे?

आम्ही खारदांड्याचे. एका अंगाला कार्टर रोड, दुसऱ्या अंगाला जुहू, आणि मध्ये आमचा कोळीवाडा. काकाची होडी आहे, डोल जाळं आहे. त्याच्या आदल्या वर्षी उधाणाच्या पाण्यात त्याच्या जाळ्याचा मोठा तुकडा तुटून गेला. शोधला, सापडला नाही. जाळं गेलं म्हणजे नुसता धागा जात नाही, उसने घेतलेले पैसे जातात. त्यामुळे काकाच्या एका ओळीत दोन भीती होत्या. जंतू जाळं खाणार असेल, तर नवं जाळंही गेलं. आणि खाणार नसेल, तर तो तुटलेला तुकडा अजून खाली कुठेतरी मासे धरत बसलाय.

आजी ग्रुपवर नाही. तिला मी रील दाखवली आणि काकाचा प्रश्न सांगितला. चौऱ्याऐंशी वर्षांची आजी पटकन म्हणाली, "खाईल नाय त काय! आमच्या वक्ताला खायचाच की!"

हा लेख म्हणजे आजीच्या त्या एका वाक्याचा माग आहे.

जाळं सरायचं तेव्हा

आजी लग्न होऊन दांड्याला आली ती 1958च्या सुमारास. तेव्हाचं जाळं तागाचं, सणाचं किंवा सुताचं. धागा घरात वळायचा, जाळं घरात विणायचं. आणि समुद्रातून आलं की रोज सुकवायचं. बोंबील वलांडीवर आणि जाळं वाळूवर, दोघांनाही ऊन हवं. "जालं वलं ठेवलं का त्याला वास मारायचा," आजी सांगते. "हातानं वढलं तरी तुटायचं."

आजी जे सांगत होती ते मी वर्गात वेगळ्या भाषेत शिकले होते. ताग, सण, कापूस या सगळ्यांचा गाभा एकच : सेल्युलोज. म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी. आपल्याला ती पचत नाही, पण माती-पाण्यातल्या कित्येक जीवाणूंना पचते. 1919 साली इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात हचिन्सन आणि क्लेटन या दोघांनी मातीतून असाच एक सेल्युलोज खाणारा जीवाणू वेगळा काढला आणि त्याला 'सायटोफागा' म्हणजे पेशी खाणारा असं नाव दिलं. असे जीवाणू एन्झाइम सोडतात. एन्झाइम म्हणजे रेणू कापणारी बारीक कात्री समजा. साखळीचे तुकडे झाले की धाग्यातला दम गेला. या कात्रीला चालायला पाणी लागतं. म्हणून जाळं सुकवायचं. आजीला सायटोफागा माहीत नव्हता, पण त्याचा उपाय माहीत होता.

नुसतं सुकवून भागायचं नाही. अधूनमधून मोठ्या भांड्यात ऐनाची साल उकळायची आणि त्या लालसर काढ्यात जाळं बुडवून ठेवायचं. सालीत असतं टॅनिन. कोऱ्या चहाने जीभ आवळल्यासारखी होते, ती त्याच्या जातीच्याच पदार्थांमुळे. टॅनिन प्रथिनांना चिकटतं. एन्झाइम हेही प्रथिनच. टॅनिन चिकटलं की कात्री बोथट होते.

मुंबईचा कात, लंडनची प्रयोगशाळा

इथे गोष्ट दांड्यावरून एकदम लंडनला जाते, आणि नेणारी वस्तू आहे कात. होय, विड्यातला, खैराच्या झाडाचा. त्यात टॅनिन भरपूर.

1803 साली हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने वनस्पतींतल्या टॅनिनवर एक मोठा निबंध रॉयल सोसायटीसाठी लिहिला. त्याला कातडी कमावायला स्वस्त पदार्थ हवा होता. त्याने काताचे दोन नमुने तपासले : एक मुंबईहून आलेला, दुसरा बंगालचा. मुंबईच्या नमुन्यात निम्म्याहून जास्त टॅनिन निघालं, बंगालच्या नमुन्यात त्याहून थोडं कमी. पुढे हा कात जहाजं भरभरून युरोपात गेला. तिथल्या कोळ्यांनी आपली जाळी आणि शिडं त्यात उकळायला सुरुवात केली. इंग्रजीत त्याचं नाव पडलं 'कच', आपल्याच 'कात'च्या कुळातलं. जुन्या चित्रांमध्ये इंग्लंडच्या होड्यांची शिडं तांबूस दिसतात, तो बऱ्याचदा याचाच रंग.

मला हे वाचलं तेव्हा गंमत वाटली आणि थोडा रागही आला. सालीत जाळं बुडवणाऱ्या इथल्या माणसांचं नाव कुठल्या निबंधात नाही. पण राग फार टिकला नाही. कारण जाळं कुजतंय आणि आपण ते थोपवतोय, एवढं दोन्हीकडच्या कोळ्यांना सारखंच ठाऊक होतं. का कुजतंय, हे तेव्हा ना दांड्याला माहीत होतं, ना डेव्हीला. जंतूंनी कुजतं, हे पाश्चरने दाखवायला अजून अर्धशतक जायचं होतं.

धागा, ज्याला कोणी खात नाही

28 फेब्रुवारी 1935. अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने एक नवी साखळी जोडली. तिच्यात साखरेचा रेणू नव्हता. ती पुढे नायलॉन म्हणून ओळखली गेली. कॅरोदर्स 1937 मध्ये गेले. नायलॉनची जाहीर घोषणा 1938 मध्ये झाली आणि 1940 मध्ये त्याचे बायकांचे पायमोजे दुकानात आले. 1953 मध्ये जर्मनीत कार्ल त्सिग्लर यांनी कमी दाबाखाली पॉलिएथिलीन बनवायची रीत शोधली. आज दोर आणि जाळ्यांत दिसणारा तो टणक, रंगीत धागा हिचाच वंशज.

आपल्याकडे 1957 साली कोचीला केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था सुरू झाली, आणि जाळ्यांसाठी कृत्रिम धागे तपासून पाहणं हे तिच्या कामात होतं. 1961 मध्ये वर्सोव्याला मत्स्य शिक्षण संस्था आली. त्याच दशकात नायलॉन कोळीवाड्यांत शिरलं. 1976 मध्ये पुण्यात गरवारे-वॉल रोप्स निघाली, आणि दोर-जाळी महाराष्ट्रातच कारखान्यात बनू लागली.

भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर हा बदल किती मोठा होता ते कळतं. डोल जाळं म्हणजे तोंडाला रुंद आणि खोल्याकडे निमुळतं होत जाणारं पिशवीसारखं जाळं. ते ओढत नाहीत. ते पाण्यात एका जागी बांधलेलं असतं, आणि भरती-ओहोटीची ओढ मासे आत आणते. म्हणजे सगळा जोर जाळ्याने सोसायचा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की जाळ्यावरचा जोर साधारण चौपट होतो, म्हणून उधाणाला जाळी तुटतात. नायलॉन मजबूत, त्यामुळे तेवढाच भार पेलायला बारीक धागा पुरतो, आणि धागा बारीक की पाण्याची ओढ कमी. एक मजेची गोष्ट : सुती धागा ओला झाल्यावर उलट थोडा बळकट होतो आणि नायलॉन थोडं अशक्त. तरीही नायलॉन जिंकलं. कारण सूत पाणी पिऊन जड होतं आणि मग कुजतं. नायलॉन कुजत नाही.

मी आजीला विचारलं, "जुनं जाळं बरं होतं का गो?" मला वाटलं होतं, ती हळवी होईल. ती माझ्याकडे बघतच राहिली. "कशाला बरं? वलायचं, विनायचं, उकलायचं, सुकवायचं. अर्धा जलम त्यात गेला. नायलॉन आलं तवा मी बाजारात बसाया मोकली झाले." आजीच्या मासळी विकण्याच्या पैशांवर बाबा शिकले. बाबा शिकले म्हणून मी शिकले. माझी पदवी त्या न कुजणाऱ्या धाग्याला बांधलेली आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणून 'पूर्वी सगळं निसर्गाला धरून होतं' असं कोणी म्हणालं की मी आजीला आठवते.

मग गेलेलं जाळं कुठे जातं?

काकाचं तुटलेलं जाळं. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण 1.03. नायलॉनची 1.14, म्हणजे ते बुडतं. पॉलिएथिलीनची 0.95च्या आसपास, म्हणजे ते तरंगतं. त्यामुळे एकाच तुटलेल्या संसारातला एक धागा तळाशी जातो, दुसरा वर वाहत राहतो. दोन्ही मासे, खेकडे, कासवं अडकवत राहतात. धरणारा माणूस नसताना मासेमारी चालू राहते. तागाचं जाळं हरवलं, तर काही काळाने जंतू ते संपवत. तेव्हाचा शत्रू हरवल्यानंतर सफाईवाला व्हायचा.

नायलॉनचं तसं होत नाही. ऊन त्याची साखळी तोडतं, लाटा घासतात, पण तुकडे फक्त लहान होतात. 2004 मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड थॉम्पसन यांनी अशा बारीक कणांवर शोधनिबंध लिहिला आणि 'मायक्रोप्लॅस्टिक' हा शब्द रूढ झाला. त्यांनी जपून ठेवलेले प्लवकांचे जुने नमुने उघडले, तर 1960च्या दशकातल्या नमुन्यांतही हे कण होते. म्हणजे आजी नव्या जाळ्याने सुटकेचा श्वास घेत होती, तेव्हाच हिशेब सुरू झाला होता.

इथल्या किनाऱ्यावर तो रोज दिसतो. वर्सोव्याला 2015 मध्ये अफरोज शहा यांनी किनारा साफ करायला घेतला, आणि मार्च 2018 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं दिसली. त्याच वर्षी राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली. आणि त्याच वर्षाच्या शेवटी सरकारने एक योजना काढली : जाळ्यात अडकलेलं संरक्षित कासव किंवा देवमासा सोडवायला जाळं कापलं, तर कोळ्याला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई. मला ही योजना आवडते. समुद्र वाचवायचा खर्च एकट्या कोळ्याच्या अंगावर पडू नये, एवढं त्यात कोणाच्या तरी लक्षात आलंय.

आता तो जंतू

रीलमधला जीवाणू खरा आहे. 2016 मध्ये जपानच्या साकाई शहरात, बाटल्यांच्या पुनर्वापराच्या जागेवर तो सापडला : इडिओनेला साकायेन्सिस. तो पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक, म्हणजे पेट, पचवतो. 2020 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दुसरं एक एन्झाइम सुधारून दाखवलं, की तापवलेल्या टाकीत 10 तासांत 90 टक्के पेट सुटं होतं. 2022 मध्ये टेक्ससमध्ये कॉम्प्युटरच्या मदतीने आणखी चपळ एन्झाइम घडवलं गेलं.

पण प्रत्येक कात्री एकाच प्रकारची गाठ कापते. पेटमध्ये एस्टर गाठी असतात. नायलॉनमध्ये अमाइड. पॉलिएथिलीनमध्ये नुसती कार्बनला कार्बन जोडलेली सरळ साखळी, जिला पकडायला जागाच नाही. बाटली खाणारा जंतू काकाच्या जाळ्याला तोंड लावणार नाही. शिवाय तापवलेली टाकी वेगळी आणि अथांग, खारा समुद्र वेगळा.

नायलॉनची गोष्ट मात्र चाळीस वर्षं आधीची आहे, आणि ती रीलवर कधी येत नाही. 1975 मध्ये जपानमध्येच किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, नायलॉन कारखान्याचं सांडपाणी साचायचं तिथे एक जीवाणू शोधला. कारखान्यातून निघणारे नायलॉनचे छोटे, अर्धवट जुळलेले तुकडे तो खात होता. हे तुकडे 1935च्या आधी पृथ्वीवर नव्हतेच! जेमतेम चार दशकांत एका जंतूने नवं अन्न पचवायला सुरुवात केली होती. मात्र घट्ट विणलेला अख्खा धागा त्याच्या आवाक्याबाहेरच आहे.

दुसरी वाट धागाच वेगळा बनवायची. दक्षिण कोरियाने 2007च्या सुमारापासून समुद्रात विघटन होणाऱ्या धाग्याची जाळी सरकारी मदतीने कोळ्यांना दिली. नॉर्वेत तसल्या जाळ्यांची चाचणी झाली, तेव्हा त्यांत मासे कमी लागले. मासे कमी म्हणजे काय, हे कोळ्याला समजावून सांगावं लागत नाही.

शंभर वर्षं संशोधन चाललं ते जाळं कुजू नये म्हणून. आता चाललंय ते कुजावं म्हणून. यात कोणी मूर्ख नव्हतं. आधीच्यांनी आजीचे हात सोडवले. पण 'किती टिकायला हवं' हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही, कारण टिकत नाही हेच दुःख होतं. आता तो विचारताना तरी जाळं ज्याच्या हातात आहे, त्याला शेजारी बसवून विचारावा.

काकाला मी शेवटी उत्तर लिहिलं : 'नाही खाणार. तुझं नवं जाळं सुरक्षित आहे. हरवलेलंही.'

बराच वेळ दोन निळ्या खुणा दिसत राहिल्या. मग त्याचं उत्तर आलं : 'हातात हाय तवर टिकावं, सुटलं का सरावं. असं कायतरी बनव ना तू.'

मी अजून काही बनवलेलं नाही. पण माझ्या प्रयोगशाळेतल्या वहीच्या पहिल्या पानावर ते वाक्य लिहिलंय. याहून नेमक्या शब्दांत हा प्रश्न मला कुठल्या शोधनिबंधात सापडलेला नाही.