भास्कराचार्यांची माकडं आणि आमची फुली

परवा मुकुटबनहून पुतणीचा फोन आला. यंदा अकरावीत आहे. "काका, एक गणित अडलं. सारं बरोबर केलं, तरी उत्तर जमत नाही."

गणित असं: (क्ष + १) / (क्ष − ३) > २. तिने दोन्ही बाजूंना छेदाने गुणलं आणि क्ष < ७ असं उत्तर काढलं. पुस्तक म्हणतं, क्ष ३ पेक्षा मोठा आणि ७ पेक्षा लहान.

मला हसूच आलं. अगदी हीच चूक मी अकरावीत केली होती. पेपरवर लाल फुली मिळाली, कारण मात्र कुणी सांगितलं नाही. आपल्याला गणिताचं डोकं नाही असं मी ठरवून टाकलं आणि बारावीनंतर त्या विषयाशी काडीमोड घेतला. एका फुलीपायी!

चूक काय ते आता सांगता येतं. २ हे ५ पेक्षा लहान, पण −२ हे −५ पेक्षा मोठं. ऋण संख्येने गुणलं की चिन्ह उलटतं. आणि क्ष − ३ धन आहे की ऋण, हे आपल्याला कुठे ठाऊक असतं? 'धन' आणि 'ऋण' हे शब्द वापरून ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच नियम लिहून ठेवले. दोन हजारांचं कर्ज असलेला पाच हजारांचं कर्ज असलेल्यापेक्षा बरा, हे आमच्या कापसाच्या पट्ट्यात कुणाला शिकवावं लागत नाही. वहीत मात्र आम्ही तेच विसरतो.

यावरून भास्कराचार्यांची माकडं आठवली. ११५० सालच्या त्यांच्या 'बीजगणिता'त एक कोडं आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून वर्ग करा, तितकी माकडं गुहेत गेली. उरलं एक, ते फांदीवर दिसतंय. एकूण माकडं किती? समीकरण सोडवलं की दोन उत्तरं येतात, ५० आणि ५. करून बघा, दोन्ही जुळतात. पण पाच घेतले तर पाचवा भाग एक, त्यातून तीन कसे वजा करणार? भास्कराचार्य सांगतात, हे दुसरं उत्तर घेऊ नका, अशा ऋण राशीवर लोकांचा विश्वास बसत नाही. आणि त्यांच्याच दुसऱ्या कोड्यात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग आणि वर बारा माकडं आहेत. तिथे ४८ आणि १६ ही दोन्ही उत्तरं ते मान्य करतात.

म्हणजे पाहा, समीकरणाने दोन उत्तरं दिली, पण निवड केली ती एका असमानतेने: क्ष/५ − ३ > ०, म्हणजे क्ष > १५. फक्त ते चिन्ह तेव्हा नव्हतं. > आणि < ही चिन्हं छापली गेली १६३१ साली, थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या पुस्तकात, तेही त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. विचार आधी होता, खूण नंतर आली.

मग पुतणीला म्हटलं, गुणू नकोस. सगळं एका बाजूला आण: (७ − क्ष) / (क्ष − ३) > ०. आता संख्यारेषेवर ३ आणि ७ मांड. रेषेचे तीन तुकडे झाले. प्रत्येकातली एकेक संख्या घालून बघ. शून्य घातलं तर उत्तर ऋण, पाच घातले तर धन, आठ घातले तर पुन्हा ऋण. म्हणून मधला तुकडा आपला. तीनवर छेदच शून्य होतो, सातवर अंश, दोन्ही बाहेर. छेद नसलेल्या बहुपदीचंही असंच, अवयव पाडायचे आणि तुकडे तपासायचे.

ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी अर्धंच चुकली होती."

हो गं बाई, अर्धंच. क्ष − ३ धन असता तर तुझं सगळं बरोबर होतं. मला हे वाक्य ऐकायला इतकी वर्षं लागली. असो. घरातल्या पोरांच्या वहीत लाल फुली दिसली, तर शेजारी कारणही लिहा एवढंच सांगायचं होतं.