मेम्फिसची कचरागाडी

मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस शहरात झाली, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. पण किंग त्या शहरात गेले कशासाठी होते? याचं उत्तर एका कचरागाडीपाशी सापडतं.

१ फेब्रुवारी १९६८. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं मेम्फिस. पाऊस कोसळत होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार गाडीच्या मागच्या भागात, जिथे कचरा दाबला जातो तिथेच, आडोशाला बसले. पुढच्या केबिनमध्ये जागा नव्हती. वस्तीत कुठे आडोशाला थांबायची सोय नव्हती. रहिवाशांच्या तक्रारींवरून पालिकेनं तशी मनाईच केली होती. अचानक दाबयंत्र सुरू झालं आणि दोघेही चिरडले गेले.

याला अपघात म्हणायचं का? गाड्या जुनाट होत्या, कामगार त्याबद्दल सांगून थकले होते. १९६४ मध्येही सदोष गाडीनं दोघांचा जीव घेतला होता. शिवाय ही माणसं तासाच्या मजुरीवर, त्यामुळे नुकसानभरपाईचा हक्क नाही. घरच्यांना मिळाला एक महिन्याचा पगार आणि अंत्यविधीसाठी ५०० डॉलर.

१२ फेब्रुवारीला सुमारे १३०० कामगारांनी काम थांबवलं. टी. ओ. जोन्स हे त्यांचे पुढारी. युनियन बांधली म्हणून आधी नोकरी गमावलेले. महापौर हेन्री लोब यांनी संप बेकायदा ठरवला. कामगार रोज मोर्चे काढू लागले. हातातल्या फलकांवर एवढंच लिहिलेलं असे : ‘मी माणूस आहे.’

पगारवाढीच्या मागणीआधी हे का लिहावं लागलं, ते त्या गाडीकडे पाहिलं की कळतं. माणसाला पावसात उभं राहायला जागा नाही, म्हणून तो यंत्रात बसतो.

किंग या संपाच्या पाठिंब्यासाठी मेम्फिसला आले आणि तिथेच मारले गेले. १६ एप्रिलला तडजोड झाली : युनियनला मान्यता, पगारात वाढ.

मागून कचरा दाबणाऱ्या गाड्या आज आपल्या शहरांतही फिरतात. पुढच्या वेळी अशी गाडी दारात आली, तर मागच्या पायरीवर उभा असलेला माणूस कशाला धरून उभा आहे, तेवढं जरूर बघा.