क्लाउड साठवण : माहितीची सुरक्षितता

इंटरनेटद्वारे दुसऱ्याच्या संगणकांवर फायली ठेवण्याच्या सेवेला क्लाउड साठवण म्हणतात. ड्रॉपबॉक्स (२००८), आयक्लाउड (२०११) आणि गूगल ड्राइव्ह (२०१२) या तिच्यातील परिचित सेवा. या सेवांकडे फाइल सोपवली की ती कायमची सुरक्षित झाली, ही समजूत सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे.

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या इमारतीचेही नुकसान झाले. ज्यांची दुसरी प्रत त्याच आवारात होती, त्यांच्यापैकी कित्येकांची माहिती कायमची गेली. दक्षिण कोरियातील देजॉन येथे २६ सप्टेंबर २०२५ रोजी लागलेली आग याहून बोलकी आहे. तेथील सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘जी-ड्राइव्ह’ हा सामाईक साठा, सुमारे ८५८ टेराबाइट, तिच्यात नष्ट झाला. त्याची दुसरीकडे प्रतच नव्हती. एका संपूर्ण शासनयंत्रणेकडून ही साधी खबरदारी राहून गेली, हे विसरता कामा नये.

आग क्वचित लागते. हाताने पुसले जाणे रोजचे. बहुतेक सेवा फोन आणि क्लाउड यांतील फायली सतत एकसारख्या ठेवतात, म्हणजेच सिंक करतात. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवर फोटो पुसला की तो क्लाउडवरूनही जातो. खंडणीखोर व्हायरसने बिघडवलेली फाइलही तितक्याच तत्परतेने वर चढते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत पुसलेली फाइल ३० दिवस राहते, पुढे नाही. यावर छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम आजही सर्वांत भरवशाचा : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. घरगुती वापरात एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर ठेवली, तर हा नियम पाळला जातो.

गोपनीयतेचा प्रश्न वेगळा. सेवादाते फायली कूटबद्ध करतात, पण किल्ली सहसा स्वतःकडेच ठेवतात. ॲपलने डिसेंबर २०२२ पासून किल्ली वापरकर्त्याकडेच राहील अशी सोय देऊ केली. ब्रिटिश सरकारच्या मागणीनंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील नव्या वापरकर्त्यांसाठी ती बंद केली. सेवेवर अवलंबून राहायचे नसेल, तर क्रिप्टोमेटरसारख्या मोफत साधनाने फाइल चढवण्याआधीच कुलूपबंद करता येते. मात्र त्या कुलपाचा पासवर्ड हरवला, तर फाइल कोणीही उघडून देऊ शकत नाही.

चोर बहुधा कूटलेखन फोडत बसत नाही, तो पासवर्ड मिळवतो. ड्रॉपबॉक्समधून २०१२ मध्ये चोरीला गेलेली सुमारे ६.८ कोटी खात्यांची माहिती २०१६ मध्ये उघडकीस आली; चोरीच्या मुळाशी एका कर्मचाऱ्याने इतरत्रही वापरलेला पासवर्ड होता. प्रत्येक सेवेला वेगळा, लांब पासवर्ड आणि द्विस्तरीय पडताळणी हाच त्यावरचा उपाय. सिमकार्डची फसवून अदलाबदल होऊ शकते, म्हणून एसएमएसवरील ओटीपीपेक्षा पडताळणी ॲप किंवा पासकी बरी. खाते परत मिळवण्याचे कोड कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांत ठेवावेत, आणि वर्षातून एकदा तरी बॅकअपमधील काही फायली प्रत्यक्ष उतरवून, उघडून पाहाव्यात.