नवान्न (दिल्लीतील बंगाली समाज)
नवान्न : नव्या तांदळाचा बंगाली ग्रामीण सण. आमन भाताची कापणी झाली की अघ्राण महिन्यात (साधारण नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरचा मध्य) तो होतो. भिजवलेले नवे तांदूळ, दूध, गूळ, खवलेला नारळ व केळे कालवून देवाला व पितरांना अर्पण करतात. कावळ्याचा घास आधी काढतात. आपल्याकडील पितृपक्षातला काकबळी आठवावा, मात्र इथे दिवस आनंदाचा असतो. कोकणात नवान्न पौर्णिमेला दाराशी ‘नवे’ बांधतात, तेही याच कुळातले.

दिल्लीतले चित्तरंजन पार्क ही मुळात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या विस्थापितांची वसाहत. शेत मागे राहिले, तसा शेताशी बांधलेला विधीही आटला. टिकली ती चव. नवान्नापेक्षा पौष संक्रांतीचे ‘पिठे’ येथे अधिक दिसतात : तांदळाच्या पिठाच्या पातळ धिरड्यात नारळ-गुळाचे सारण गुंडाळलेला पाटिशापटा, दुधात शिजवलेली पुली. हिवाळ्यात येथील बाजारांत शिंदीच्या रसाचा ‘नोलेन गुड’ येतो. धुरकट वासाचा हा गूळ उन्हाळा लागताच संपतो.