चोक (मोटारसायकलीचा)

थंड पडलेले पेट्रोल-एंजिन सुरू करतेवेळी कार्ब्युरेटरमधून जाणाऱ्या मिश्रणातील इंधनाचे प्रमाण तात्पुरते वाढविण्याची जी तजवीज असते, तीस चोक म्हणतात. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने १४.७ भाग हवेस १ भाग इंधन हे प्रमाण सामान्यतः पुरेसे असले, तरी रात्रभर गारठलेल्या एंजिनात इंधनाची नीट वाफ होत नाही, त्याचा बराच अंश थंड भिंतींना थेंबरूपाने चिकटून राहतो, आणि ठिणगीपर्यंत प्रत्यक्षात पोहोचणारे मिश्रण इतके विरळ उरते की ते पेटच घेत नाही. ही तूट भरून काढणे एवढेच चोकचे काम.

काही कार्ब्युरेटरांत मुखाशी बसविलेली चकती हवेची वाट अडविते, त्यामुळे आतील शोषण वाढून जेटमधून जादा पेट्रोल ओढले जाते. इतरांत हवा न अडविता स्वतंत्र बारीक मार्गाने इंधन सोडतात; हा मार्ग थ्रॉटलच्या पलीकडे, एंजिनाच्या अंगास उघडत असल्याने थ्रॉटल मिटलेले असेल तोवरच त्यास भरपूर शोषण लाभते, आणि किक मारतामारता मूठ पिळणाऱ्या उतावळ्या स्वारास चोक बिघडल्याची जी शंका येते, तिचे मूळ बहुधा येथेच असते. अमाल कार्ब्युरेटरच्या जुन्या बुलेटवर यासाठी एक कळ असे. ती दाबली की फ्लोट खाली जाऊन पेट्रोल पातळीच्या वर चढे, व बोट ओले झाले म्हणजे पुरे, असा स्वारांचा हिशेब असे.

कॉक उघडून, चोक पुरता ओढून, मूठ न पिळता किक मारावी. एंजिनाने धरल्यावर चोक निम्म्यावर आणावा व मिनिटभरात, चाल स्थिर होताच, बंद करावा. निफाडच्या पौषातील पहाटे ही मुदत किंचित लांबते, कोकणात वैशाखात चोकची गरज क्वचितच पडते, आणि तापलेल्या एंजिनास तर तो देऊच नये. चोक तसाच राहिल्यास काळा धूर येतो, प्लगवर काजळी धरते, ॲव्हरेज घसरते; शिवाय न जळलेले पेट्रोल सिलिंडरवरील तेलाचा थर धुऊन काढते व फोरस्ट्रोक एंजिनात खालच्या ऑइलात उतरून त्यास पातळ करते, हे नुकसान डोळ्यांस दिसत नाही म्हणून अधिक वाईट. गाडी ओव्हरफ्लो झाल्यास चोक व कॉक दोन्ही बंद करून, मूठ पूर्ण पिळून चार-सहा किका माराव्यात. तरीही एंजिनाने दाद न दिल्यास प्लग काढून, पुसून कोरडा करावा.

पुढे काही स्कूटरांत विजेच्या उबेने मेण प्रसरण पावून जादा इंधनाचा मार्ग आपोआप मिटविणारा चोक आला. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज ६ चा अंमल सुरू झाल्यावर बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली, आणि एंजिनाचे तापमान पाहून इंधन बेतण्याचे काम विद्युत्-नियंत्रकाकडे गेले. हातचोकाची जुनी गाडी विकत घेणाऱ्याने मात्र ती सकाळी, एंजिन पूर्ण थंड असतानाच पारखावी. विकणारा पुष्कळदा गिऱ्हाईक येण्यापूर्वीच ती तापवून ठेवतो.